पैशावाचून गाव

पेण आणि रोहे ही रायगड जिल्ह्यातली दोन गावे आगगाडीने फार तर तासाभराच्या अंतरावर आहेत. मध्ये कासू, नागोठणे, बाजूंना भातखाचरे. एवढ्याशा टापूने पैसा या विषयावर परस्परांशी मुळीच न जुळणारी तीन माणसे महाराष्ट्राला दिली, याची नोंद आमच्याकडे फारशी कोणी घेतलेली नाही. विनोबा भावे 1895 साली पेण तालुक्यातल्या गागोद्याला जन्मले. पुढच्याच वर्षी महाडजवळच्या नाते गावी चिंतामणराव देशमुख जन्मले, आणि त्यांचे बालपण रोह्यात गेले. पांडुरंगशास्त्री आठवले 1920 सालचे, रोह्याचेच. विनोबांनी पैशाचा त्याग मांडला. चिंतामणराव 1943 मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि नोटेवर त्यांची सही आली. शास्त्रीबुवांनी पैसा होता तिथेच राहू दिला. त्याच्यावरचे ‘माझा’ हे नाव तेवढे पुसता येते का, ते पाहिले.

पैसा, लोभ आणि सरकार यांच्यावाचून समाज चालेल काय, हा प्रश्न पुस्तकी नव्हे. तो या तिघांनी आपापल्या परीने सोडवू पाहिला आहे. तिघांत सर्वांत धीट उत्तर विनोबांचे, म्हणून परीक्षाही त्यांचीच अधिक कसून व्हावयास हवी.

तुरुंगवासात लिहिलेले ‘स्वराज्यशास्त्र’ हे त्यांचे छोटे पुस्तक मी अनेकदा वाचले आहे. एकाचे राज्य, काहींचे राज्य आणि सर्वांचे राज्य अशी राज्याची उतरंड लावून ते सरकारच्या गरजेच्या मुळाशीच हात घालतात. भाषा सूत्रासारखी, वावगा शब्द नाही. परंतु कादंबरी लिहिणाऱ्याला अशा पुस्तकात एक गोष्ट खटकते. त्यात तत्त्वे आहेत, व्यक्ती नाहीत. त्या समाजात सकाळी कोण उठतो, पाणी कोण भरतो, आणि वेशीजवळ गुरू मरून पडले तर ते ओढून कोण नेतो? सर्वांच्या राज्यातही हे काम कोणाला तरी करावे लागणारच.

आता गंमत अशी की पैशावाचून चालणारे गाव आपल्याला कल्पावे लागत नाही. ते आपल्याकडे होते. देशावर बलुते होते. सुताराने नांगर करावा, कुंभाराने मडकी द्यावीत, महाराने गावाची सारी हलकी कामे करावीत, आणि सुगीला खळ्यावर ज्याने त्याने आपला वाटा न्यावा. नाण्याचा संबंध फार थोडा. या व्यवस्थेचे गोडवे गाणारे लेखक मराठीत थोडे नाहीत. ‘स्वयंपूर्ण गाव’ म्हणताना त्यांचा कंठ दाटून येतो. परंतु मेलेले ढोर कोण ओढणार या प्रश्नाला त्या गावापाशी उत्तर तयार होते, आणि ते जन्माने ठरलेले होते. दया पवारांनी 1978 साली आपल्या आत्मकथनाला ‘बलुतं’ हे नाव दिले, त्यानंतर तरी तो शब्द मराठीत निरागस राहावयास नको होता.

आमच्या कोकणात बलुत्यापेक्षा खोती अधिक. कुळाने भात पिकवावे, निम्मे खोताला घालावे, वर वेठ करावी. हाही व्यवहार धान्याचाच, नाण्याचा नव्हे. म्हणून तो निर्लोभ होता काय? लोभाला रुपया लागत नाही. पायलीचे माप हातात असले की पुरते. पेणशेजारच्या अलिबाग तालुक्यात चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली 1933 पासून 1939 पर्यंत जमिनी पडीक ठेवल्या, नांगर धरला नाही, हालअपेष्टा सोसल्या. हे सारे कशाविरुद्ध? ज्या खळ्यावर पैशाचा खुळखुळाटही नव्हता, त्या खळ्याविरुद्ध. आणि त्यांचे गाऱ्हाणे शेवटी कशाने दूर झाले? कायद्याने. आंबेडकरांनी 1937 साली खोती नष्ट करण्याचे विधेयक आणले, 1949 मध्ये खोती कायद्याने गेली. महार वतनासाठी त्यांनी 1928 सालीच मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले होते. ती वतने जाण्यास 1958 चा कायदा यावा लागला. ज्याच्या गळ्यात गावाचा दोर होता त्याला सरकार हा जाच वाटला नाही, तो दोर कापणारी सुरी वाटली. मुंबईच्या गिरणीतला रोख पगारही त्याला तसाच वाटला. विणाई खात्यात अस्पृश्यांना शिरकाव नव्हता, ही गोष्ट मी विसरलेलो नाही. तरीदेखील पगाराचे नाणे उपाहारगृहात टाकताना त्यावर जात कोरलेली नसते. बलुत्याच्या पेंढीवर ती असे.

विनोबांना हे दिसत नव्हते असे म्हणणे अन्यायाचे होईल. 1946 नंतर पवनारहून शेजारच्या सुरगावला रोज पायी जाऊन त्यांनी स्वतः मैला साफ केला. माझ्या प्रश्नाला त्यांनी पुस्तकात नव्हे, शरीराने उत्तर दिले. हे उत्तर मला फार मोठे वाटते, आणि अपुरेही. संताने फावडे उचलले की ते काम पवित्र होते खरे. गावाने उचलले असे होत नाही. पवनारला 1950 च्या सुमारास त्यांनी ‘कांचनमुक्ती’चा प्रयोग केला, बैलाविना शेती केली, रहाट माणसांनी ओढला. तिथून 1951 मध्ये ते पायी तेलंगणात गेले, आणि 18 एप्रिलला पोचमपल्लीला जमीन मागणाऱ्या दलितांसाठी शंभर एकरांचे पहिले दान मिळाले. पुढे देशभरातून चाळीस लाखांहून अधिक एकरांची दानपत्रे जमा झाली. जगात असे दुसरे उदाहरण शोधून सापडणार नाही. आणि मग 1956 च्या अखेरीस विनोबांनी भूदान समित्या मोडल्या. निधीही नको, तंत्रही नको. तर्काला हे धरूनच होते. शासनाविना समाज मागणाऱ्याने कचेरी कशी ठेवावी? पण जमीन मोजणे, हद्द लावणे, दानाचा कागद सात-बाऱ्यावर चढवणे ही कामे तर्काने होत नाहीत. मिळालेल्या जमिनीचा मोठा हिस्सा वाटपाविना राहिला. जी वाटली गेली ती टिकावी म्हणून राज्याराज्यांना भूदानाचे कायदे करावे लागले, आणि महाराष्ट्रात 1964 चा ग्रामदान कायदा आला. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ म्हणत सर्वसंमतीचा कारभार उभा केला. माझ्या मते विनोबांच्या कल्पनेच्या सर्वांत जवळ पोहोचलेले गाव हेच. त्याचे ग्रामदानही 2013 साली याच कायद्याखाली झाले, आणि वनहक्क मिळाल्यावर त्याने आपला बांबू विकला तो रोखीनेच.

चिंतामणरावांच्या बाजूचे काय? नोट म्हणजे कागदावर लिहिलेले वचन. ते पाळणारे कोणी नसेल तर नुसता कागद. आमच्या पेणकरांना हे शिकवावे लागत नाही. 2010 साली रिझर्व्ह बँकेने पेण अर्बन सहकारी बँकेवर निर्बंध घातले आणि हजारो ठेवीदारांचा पैसा अडकला. लोभाची करणी पैशाच्या घरातही चालते, हे तर उघड आहे. माझे लक्ष वेधून घेतले ते दुसऱ्याच गोष्टीने. फसलेली माणसे ‘पैसाच नको’ म्हणत गागोद्याच्या वाटेला लागली नाहीत. ती मोर्चे काढून सरकारकडे गेली.

शास्त्रीबुवांनी या तिढ्यातून वेगळी वाट काढली. योगेश्वर कृषीत गावाचे एक शेत देवाचे मानावयाचे, प्रत्येकाने पाळीने काही दिवस तिथे पुजाऱ्यासारखे राबावयाचे, पिकावर कोणाचेच नाव नाही. ते गरजवंताच्या घरी त्याची मान खाली न जाऊ देता पोहोचावयाचे. मत्स्यगंधा होड्यांचेही तसेच. बाजार, सरकार, स्वतःची शेते सारे जागच्या जागी. लोभाला घरातून हाकलण्याऐवजी वर्षातले मोजके दिवस त्याला उंबऱ्याबाहेर बसविण्याची ही युक्ती विनोबांच्या मागणीपेक्षा लहान आहे, म्हणून टिकाऊही. मात्र तिचा टेकू श्रद्धा आहे. ज्याला तो देव मान्य नाही त्याने कोणत्या पाळीला यावे, हे तिथे मला सापडत नाही.

श्रद्धेवाचून, कायद्यावाचून आणि पैशावाचून चालणारी एक गोष्ट मात्र आमच्याकडे आहे : सावड. लावणीला आज मी तुझ्या खाचरात, उद्या तू माझ्या. विनोबांचे अनुयायी तिचा दाखला हौसेने देतात. पण ती निरपेक्ष नाही. कोणाच्या घरातून किती माणसे किती दिवस आली याचा हिशेब बायका बोटांवर चोख ठेवतात, आणि उणा पडलेला दिवस पुढच्या पावसाळ्यात निघतोच. सावड चालते ती दोघांकडेही शेत असते म्हणून. त्याच खाचरात, त्याच चिखलात, वाडीवरून आलेली कातकरी बाई रोपे खोचीत असते. तिला सावडीत कोणी घेत नाही, कारण फेड करून घ्यावयास तिच्यापाशी शेतच नाही. संध्याकाळी ती बांधावर उभी राहून रोख पैसे मागते, आणि आजचे आज मागते.