मार्कस ऑरेलियसची वही
वर्षभर माझ्या फोनच्या वॉलपेपरवर मार्कस ऑरेलियस होता. जे आपल्या हातात नाही ते सोडून द्यावं, हा त्याचा सल्ला रात्री अकराच्या ऑफिस कॉलनंतर फार पटायचा. मग 'मेडिटेशन्स' अख्खं वाचलं आणि वॉलपेपर बदलला.

पुस्तक वाईट आहे म्हणून नव्हे. इ.स. 161 ते 180 रोमवर राज्य केलेल्या या माणसाने ग्रीकमध्ये स्वतःपुरती टिपणं काढली, काही तर डॅन्यूबच्या सरहद्दीवर, युद्धाच्या धामधुमीत. साम्राज्यात साथ पसरलेली, पोटची कितीतरी मुलं दगावलेली. म्हणून तो तेच तेच लिहितो: रागावू नकोस, मरण ठरलेलं आहे, काम कर. अनेकांना ही पुनरुक्ती कंटाळवाणी वाटते. मला तीच सगळ्यात खरी वाटली. एकच बग पुन्हा पुन्हा उघडावा लागतोय, म्हणजे तो अजून सुटलेला नाही.

पण रोमन जगात सगळ्यात जास्त गोष्टी ज्याच्या हातात होत्या, तो हाच माणूस. तो स्वतः दत्तक वारस म्हणून गादीवर आला. आधीच्या सम्राटांना मुलगे नव्हते, हे मान्य. तरी 177 मध्ये पंधरा-सोळा वर्षांच्या कॉमोडसला सहसम्राट केलं ते त्यानेच. पुढे कॉमोडस आखाड्यात ग्लॅडिएटर म्हणून उतरला आणि 192 मध्ये मारला गेला. वहीत या निर्णयाची चर्चाच नाही.

हातात नाही ते सोडण्याआधी हातात काय आहे, याची यादी करावी लागते. माझ्या यादीत पहिला आहे तो अकराचा कॉल.