लोलाच्या गोष्टी आणि विहिरीतला मुलगा

फिलिपिन्समध्ये आजीला ‘लोला’ म्हणतात. एरिन एन्ट्राडा केली यांनी ‘हॅलो, युनिव्हर्स’ (२०१७) ही कादंबरी इंग्रजीत लिहिली. पण आजीला लोलाच राहू दिले. या लेखिकेच्या मनाची ओळख आम्हांस त्या एका शब्दात पटली.

केलींची आई फिलिपिन्समधून अमेरिकेत आलेली. लेकीचे बालपण लुइझियानातील लेक चार्ल्स येथे गेले. पुढे तिने काही काळ पत्रकारिता केली. ‘ब्लॅकबर्ड फ्लाय’ (२०१५) या पहिल्या कादंबरीतील ॲपलला आईच्या परकेपणाची लाज वाटते. शाळेतील मुले कुरूप मुलींची यादी करतात, तीत आपले नाव असल्याचे कळताच ती लाज अधिकच झोंबते. परदेशी स्थायिक झालेल्या आपल्या आयाबहिणींनी हे पुस्तक जरूर वाचावे.

‘हॅलो, युनिव्हर्स’मध्ये ही लाज उरलेली नाही. अकरा वर्षांच्या बुजऱ्या व्हर्जिलला घरात खऱ्या अर्थाने जाणते ती लोलाच. चेट नावाचा दांडगट मुलगा व्हर्जिलचे दप्तर विहिरीत भिरकावतो. दप्तरात त्याचा लाडका गिनीपिग! त्याला वाचवायला उतरलेला व्हर्जिल तळाशी अडकतो. त्या काळोखात त्याला भय घालतात त्या लोलाच्याच गोष्टी, आणि धीर देतात त्याही तिच्याच.

याच कथेतील व्हॅलेन्सिया कर्णबधिर आहे. ती संत रेनेची प्रार्थना करते. हे रेने गुपिल फ्रान्सचे. बहिरेपणामुळे त्यांना येशूसंघाची नवदीक्षा सोडावी लागली, तरी ते मिशनकार्यासाठी उत्तर अमेरिकेत गेले. एका बालकावर क्रुसाची खूण केली म्हणून १६४२ साली त्यांचा वध झाला. १९३० साली ते संत घोषित झाले. व्हॅलेन्सिया स्वतः कॅथलिक नाही. तरीही आपल्यासारखाच ऐकू न येणारा सोबती तिला स्वर्गात सापडतो, आणि लेखिका त्यावर एका शब्दाचेही प्रवचन करीत नाही. आपल्या बालवाङ्मयात संत असे सहज, मित्रासारखे क्वचितच भेटतात, हे आम्ही खेदाने नमूद करतो.

काओरी ही भविष्य सांगणारी मुलगी काही पालकांना खटकेल. आम्हांस तिच्यापेक्षा योगायोगांची गर्दी अधिक खटकली. कथानकाची गाठ लेखिकेने काहीशी स्वस्तात सोडवली आहे.

या कादंबरीला २०१८ चे न्यूबेरी पदक मिळाले. २०२५ साली ‘द फर्स्ट स्टेट ऑफ बीइंग’ला तेच पदक पुन्हा लाभले, असे दुहेरी मानकरी मोजकेच. हिचा काळ १९९९ चा. नव्या सहस्रकात संगणक बंद पडून हाहाकार माजेल, या धास्तीने मायकल दुकानातून पीचचे डबे चोरून साठवतो. भविष्यातून आलेल्या पाहुण्याची कल्पना मजेदार आहे, रचनाही पहिलीपेक्षा बांधेसूद. पण आमच्या मनात राहिले ते इमारतीची देखभाल करणारे वृद्ध मोझली. मायकलवर त्यांची माया आहे. लोलाची जागा या पुस्तकात त्यांनी घेतली आहे.