शब्दाखालची नागमोडी रेष

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने काढलेल्या महाभारतात काही शब्दांखाली बारीक नागमोडी रेष दिसते. पहिल्यांदा पान उघडणाऱ्याला ती छपाईतली खोट वाटते. ती मुद्दाम दिलेली आहे. पाठ घेतला खरा, पण पुरती खात्री नाही, अशी संपादकाची ती कबुली. या आवृत्तीचे मुख्य संपादक विष्णु सीताराम सुकथनकर केंब्रिजला गणित शिकलेले. न सुटलेले गणित सुटल्यासारखे दाखवणे त्यांच्या प्रकृतीत नसावे.

या कामाला 1919 साली आरंभ झाला. 1925 पासून सुकथनकरांनी त्याला शिस्त लावली, 1943 मध्ये ते गेले, आणि ग्रंथ पुरा व्हायला 1966 उजाडले. 1,259 पोथ्या, 19 खंड. आकड्यांपेक्षा बोलका आहे तो पोथ्या ताडण्याचा कागद. एका श्लोकाला एक आखलेला ताव; वरच्या ओळीत प्रचलित छापील पाठ, एका चौकोनात एक अक्षर; खाली एकेका पोथीची ओळ. पोथीत जिथे निराळे अक्षर असेल, तिथल्याच चौकोनात ते टिपायचे. शारदा, ग्रंथ, तेलुगू, मल्याळम अशा लिप्या वाचणारी माणसे वर्षानुवर्षे हे चौकोन भरत होती.

लेखनिकाचे दोष जुनेच. ओळीच्या शेवटी तोच शब्द पुन्हा आला की डोळा घसरतो आणि मधला मजकूर गळतो. समासातली टीप पुढच्या नकलेत संहितेत शिरते. जसे पुढ्यात दिसले तसे उतरवले, दोष माझ्या माथी मारू नका, असे पोथीच्या शेवटी लिहून लेखनिक मोकळा! पण महाभारताची खरी अडचण विसराळू लेखनिकाने नव्हे, भाविक आणि हुशार लेखनिकाने केली. हाताशी असलेली गोष्ट गाळायला त्याचे मन होत नसे. म्हणूनच काश्मीरकडच्या आटोपशीर पाठाला सुकथनकरांनी वजन दिले. आदिपर्व 1933 मध्ये पुरे झाल्यावर नेपाळातली एक जुनी पोथी हाती आली आणि तिने त्यांच्या बऱ्याच निर्णयांना दुजोरा दिला.

निर्णय लोकांना मात्र झोंबले. व्यासांचा लेखनिक झालेला गणपती परिशिष्टात गेला. फ्रँकलिन एजर्टन यांनी संपादिलेल्या सभापर्वात द्रौपदी कृष्णाचा धावा करत नाही. वस्त्रामागून वस्त्र निघत राहते, पुरवणारा कोण ते संहिता सांगत नाही. मग ‘पंडितांनी कृष्णाला काढले’ अशी हाकाटी. काढले कुठे? संहितेबाहेर ठेवलेले तारांकित श्लोक त्याच पानाच्या तळाशी आहेत, कोणत्या पोथीत काय आहे याच्या नोंदीसह. कृष्णाचा धावा केव्हा आणि कोणत्या प्रांतात कथेत आला, याचा माग तिथूनच लागतो. या आवृत्तीचे मोल वरच्या ओळींइतकेच या तळटीपांत आहे, आणि वाचले जाते ते बहुधा वरचेच.

आपल्याकडे ही दृष्टी परकी नव्हती. शके 1506 मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. तीत आपली ओवी घुसडणाऱ्याला अमृताच्या ताटात नरोटी ठेवणारा ठरवले. अस्सल संपादकी राग! पण कोणते पाठ का सोडले, हे नाथांनी नोंदवले नाही. ते नोंदवणारे शंकर पांडुरंग पंडित पुढे एकोणिसाव्या शतकात आले. विष्णु परशुराम शास्त्री पंडितांसह त्यांनी 1869 आणि 1873 मध्ये तुकोबांची गाथा दोन भागांत काढली, तीही देहू, तळेगाव, कडूस आणि पंढरपूरच्या वह्या समोर ठेवून. याच शंकर पांडुरंगांनी अथर्ववेदासाठी पोथ्यांच्या जोडीला जिवंत वैदिक बसवले आणि त्यांच्या मुखातले पाठ साक्षीदाराची जबानी घ्यावी तसे टिपले. पद, क्रम, जटा, घन अशा उलटसुलट पठणांनी वेद कागदाविना राखणाऱ्या परंपरेचा तो योग्य मान होता. स्वरात घसरलेला वैदिक शेजाऱ्याला लगेच ऐकू येतो. पोथीतली चूक मुकाट्याने पुढच्या नकलेत जाते.

आज पोथ्यांची छायाचित्रे भराभर निघतात, हे चांगलेच. पण छायाचित्र म्हणजे पाठचिकित्सा नव्हे. त्यातली शारदा वा नंदिनागरी वाचायला माणूस लागतोच आणि तशी माणसे घडवायला आपण हात आखडता घेतो. बाजारातल्या बहुतेक गाथा चाळून पाहाव्यात: कातडी बांधणी, सोनेरी अक्षरे, आणि पाठभेदाची एक ओळही नाही. महाभारताचा संगणकीय पाठ मुनेओ तोकुनागा यांनी सिद्ध केला आणि जॉन स्मिथ यांनी तपासला. अभ्यासकांना त्याचा मोठा आधार आहे. वादात मात्र त्यातून सुटा श्लोक उचलला जातो आणि खाली ठसठशीत लिहिले जाते, ‘भांडारकर प्रत, मूळ पाठ’. मोबाइलवर फिरणाऱ्या त्या श्लोकाखाली नागमोडी रेष नसते.