कुंकवाचा पुरावा

देवबागेत एका अंगाला कर्लीची खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र आणि मधे वाळूची चिंचोळी पट्टी. इथे माणूस हरवतो तो बहुधा पाण्यात. होडी परतली नाही की पहिले दोन दिवस किनाऱ्यावर कोणी फारसे बोलत नाही. मग बोलणे सुरू होते. वाऱ्याने खाली नेले असेल, कुठल्या तरी मोठ्या ट्रॉलरने उचलले असेल, आणि महिन्याभराने 'गोव्यात दिसलो म्हणतत'. नोव्हेंबर 2009 च्या फयान वादळानंतर रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या कितीतरी बंदरांत असे बोलणे चालू होते. ज्या घरचा माणूस परतलेला नसतो, त्या घरातल्या बाईच्या कपाळाकडे कोणी बोट दाखवत नाही. प्रेत मिळेपर्यंत ते कुंकू हा तिचा हक्क असतो, आणि किनाऱ्यावर कोण काय म्हणतो याचा त्याच्याशी संबंध नसतो.

हे मी रोजच्या पाहण्यातले सांगतो आहे. पण सदाशिवरावभाऊ आणि त्यांचा तोतया यांच्याविषयी आपल्याकडे जे लिहिले गेले ते पुन्हा वाचताना हीच गोष्ट सारखी आडवी आली. 14 जानेवारी 1761 रोजी पानिपतावर दिसेनासे झालेले भाऊसाहेब हा मराठी समाजाचा सर्वांत मोठा हरवलेला माणूस. त्यांच्याबद्दल पंधरा वर्षे जे तर्क चालले, त्यांतून 1776 साली कोकणात एक राज्यच उभे राहिले आणि काही महिन्यांत मोडले. त्या तर्कांना आपल्या इतिहासकारांनी भोळेपणा म्हटले, नाटककारांनी बंड म्हटले. माझे म्हणणे असे की ते पुराव्याचे वाचन होते. चुकीचे वाचन, पण वाचन. आणि त्यातला सर्वांत भक्कम पुरावा खुद्द पेशव्यांच्या घरात होता.

घटनाक्रम बहुतेकांना माहीत आहे, तेव्हा तो भराभर सांगतो. विश्वासराव गोळी लागून पडले, भाऊ हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले आणि गर्दीत शिरले. मराठी बाजूच्या वृत्तांतांत ते इथेच दिसेनासे होतात. 'भाऊगर्दी' हा शब्द आपण आज लग्नातल्या पंगतीसाठीही वापरतो, पण तो जन्मला तिथे, आणि त्यात भाऊंचे नाव आहे, भाऊ नाहीत. विश्वासरावांचे प्रेत सापडले. नानासाहेब पेशव्यांकडे गेलेल्या सावकारी पत्रात दोन मोती गळाल्याची सांकेतिक बातमी होती, मोहरा किती हरवल्या ते होते, आणि रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही असे होते. त्याच वर्षी जूनमध्ये नानासाहेब पर्वतीवर वारले. त्यानंतर काही वर्षांतच उत्तरेत एक माणूस उभा राहिला, मी भाऊ म्हणून. तो सुखनिधान नावाचा कनोजा ब्राह्मण. त्याला पकडून पुण्यास आणले, चौकशी झाली, तोतया ठरला आणि किल्ल्याकिल्ल्यांवर कैदेत फिरत शेवटी रत्नागिरीस पोचला. 1776 मध्ये तिथले अधिकारी रामचंद्र नाईक परांजपे यांनी त्याला सोडले आणि भाऊसाहेब म्हणून पुढे केले. कोकणातले किल्ले एकामागून एक उघडले, हजारो माणसे जमली. महादजी शिंदे आणि भिवराव पानसे यांच्या फौजांनी त्याला हटवले, तो समुद्रमार्गे निसटला, कुलाब्याच्या राघोजी आंग्र्यांनी धरून दिला, आणि डिसेंबर 1776 मध्ये पुण्यात त्याला देहांत शासन झाले. मालवण तेव्हा करवीरकरांकडे होते, त्यामुळे आमच्या बाजूला हे राज्य पोचले नाही.

आता पुरावे कसे वाचले गेले ते पाहू.

भाऊंच्या मृत्यूचा सर्वांत तपशीलवार साक्षीदार काशीराज. हा शुजाउद्दौलाच्या पदरी असलेला दक्षिणी ब्राह्मण, लढाईच्या वेळी शत्रूच्या गोटात हजर. त्याच्या फारसी वृत्तांताचे जेम्स ब्राउनने 1791 मध्ये इंग्रजी केले, आणि पुढच्या जवळजवळ प्रत्येक लेखकाने पानिपतच्या शेवटासाठी त्याचा आधार घेतला. प्रेतांच्या ढिगाऱ्यात एक मस्तक नसलेले धड सापडले. ते भाऊंचे हे कशावरून? काशीराज खुणा देतो: मांडीवर रुपयाएवढा काळा डाग, मुजफ्फरखानाने पूर्वी कट्यार मारली होती तिचा पाठीवरचा व्रण, पायावर पद्म-मत्स्याच्या रेषा, आणि भाऊ रोज बाराशे नमस्कार घालीत त्याचे गुडघ्यांवरचे व हातांवरचे घट्टे. मस्तक नंतर निराळे मिळाले. दोहोंना अग्नी दिला गेला.

हा उतारा फार चांगला लिहिलेला आहे, आणि म्हणूनच जपून वाचावा असा आहे. लढाईच्या धामधुमीत लिहिलेले टिपण असे नसते. खुणा क्रमाने मांडल्या आहेत, प्रत्येकीला कारण दिले आहे, वय आणि बांधा सांगितला आहे. एखाद्याने उलटतपासणी घ्यावी आणि साक्षीदाराने आधीच उत्तरे तयार ठेवावीत तसे. काशीराजाने हे लिहिले 1780 च्या सुमारास. म्हणजे लढाईनंतर एकोणीस वर्षांनी, आणि तोतयाच्या वधानंतर चारएक वर्षांनी. काशीराज खोटे सांगतो असे मला मुळीच म्हणायचे नाही. धड भाऊंचेच होते असे मीही मानतो. पण भाऊ मेले की नाहीत हा वाद हिंदुस्थानभर होऊन गेल्यावर लिहिलेली ही साक्ष आहे, आणि तिच्या बांधणीत तो वाद उतरला आहे असे मला वाटते. अफवेने इतिहास बिघडतो असे आपण म्हणतो. इथे कदाचित अफवेमुळेच साक्षीदार इतका काटेकोर झाला.

शिवाय कोकणातल्या लोकांपुढे 1776 साली हा उतारा नव्हता. त्यांच्यापुढे काय होते? परतलेल्यांच्या तोंडी हकिगती, ज्यांत भाऊ गर्दीत शिरतात आणि पुढे काही नाही. भाऊ अमक्याच्या आश्रयाला आहेत, तमक्या वाटेने येत आहेत, अशा बातम्या लढाईनंतर पत्रांतूनही फिरत होत्याच. राजवाड्यांनी 1898 साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'च्या पहिल्या खंडात त्या काळचे कागद छापायला सुरुवात केली, त्यामुळे निदान आपल्याला ते दिसले. पत्र लिहिणारे कारकून आणि सरदार होते. तर्क करण्याचा रोग फक्त खालच्या माणसांना जडला होता असे त्यामुळे म्हणता येत नाही.

आणि लोकांपुढे पार्वतीबाई होत्या.

भाऊंच्या या पत्नी पानिपतावर गेल्या होत्या, रणातून निसटून परत आल्या, आणि त्यांनी वैधव्य घेतले नाही. 1783 मध्ये वारल्या तोवर, म्हणजे बावीस वर्षे, त्या सुवासिनी म्हणून राहिल्या. आपल्या लेखकांनी याकडे पातिव्रत्याचे उदाहरण म्हणून पाहिले, नाहीतर दुःखाने भ्रमिष्ट झालेली बाई म्हणून. दोन्ही वाचने त्यांना घराच्या आत ठेवतात. मला हे कुंकू सरकारी कागदासारखे वाचावेसे वाटते. अठराव्या शतकातल्या ब्राह्मण घराण्यात, तेही पेशव्यांच्या, विधवेने काय करावे हे तिच्या एकटीच्या मर्जीवर नसे. केशवपन, वस्त्र, हळदीकुंकवाचे मान, सणावारी पंगतीतली जागा, या सगळ्याला घरच्यांची आणि शास्त्र्यांची संमती लागे. पार्वतीबाईंचे सौभाग्य बावीस वर्षे टिकले याचा अर्थ वाड्याने ते टिकू दिले.

हरवलेल्या माणसासाठी धर्मशास्त्रात सोय नव्हती असेही नाही. साधारण बारा वर्षे वाट पाहून, पळसाच्या काड्या-पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, हा पालाशविधी सगळ्या याज्ञिकांना ठाऊक होता. बारा वर्षे 1773 मध्ये भरत होती. त्या वर्षी ऑगस्टमध्ये नारायणरावांचा खून झाला आणि वाड्याला दुसरीच सुतके पुरली, हे खरे. पण 1776 मध्ये तोतया कोकण बळकावून बसला होता तेव्हा, भाऊ मेले असे जगाला सांगण्याचा याहून सोपा मार्ग कारभाऱ्यांकडे नव्हता. तो त्यांनी वापरला नाही. दवंडी पिटून सांगायचे की भाऊसाहेब पानिपतावर पडले, हा सोदा आहे. आणि भाऊसाहेबांची बायको कुंकू लावून वाड्यात. रत्नागिरीच्या गडकऱ्याने यातले काय खरे मानावे? त्याने दुसरे मानले. त्यात त्याचा स्वार्थ होता, नाना फडणीसांच्या कारभारावरचा राग होता, पण त्याला आधारही होता, आणि तो आधार पुण्यानेच पुरवला होता.

नानांचीही गोष्ट इथे सांगायला हवी. पानिपतावर ते एकोणीस वर्षांचेही नव्हते. भाऊंच्या जवळपास होते, कसेबसे वाचून आले, आणि त्याच पळापळीत त्यांची आई गेली. ते सारे त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून ठेवले आहे. तोतयाचा निकाल लावणारा माणूस कोरडा मुत्सद्दी होता असे चित्र नाटक-कादंबऱ्यांतून रूढ झाले. त्या रणात स्वतःचे माणूस गमावलेला तो एक मुलगा होता, हे त्या चित्रात मावत नाही.

नाटकाचा विषय निघालाच आहे तर न. चिं. केळकरांच्या 1913 च्या 'तोतयाचे बंड'बद्दल एकच मुद्दा मांडतो, आणि तो शीर्षकाचा आहे. 'तोतया' म्हटले की ओळखीचा प्रश्न निकालात निघतो, 'बंड' म्हटले की अधिकाराचा. पडदा उघडण्याआधी प्रेक्षकाला दोन्ही निकाल हातात मिळतात. 'केसरी'च्या संपादकाने, स्वराज्याची भाषा बोलणाऱ्या काळात, मराठी राज्याच्या बाजूने उभे राहावे हे समजण्यासारखे आहे. पण तेव्हापासून हीच दोन नावे आपल्या मराठीत पक्की झाली आणि त्या हजारो माणसांना काय वाटले हा प्रश्न मूर्खांच्या खात्यात गेला. पुढे 1988 मध्ये विश्वास पाटलांच्या 'पानिपत'ने भाऊंना त्यांचे मोठेपण परत दिले. मात्र कादंबरीने नायक परत मिळवला म्हणून त्याची वाट पाहणारे परत मिळाले असे नाही.

बाहेरची दोन उदाहरणे इथे उपयोगी पडतात. सोळाव्या शतकातल्या फ्रान्समध्ये मार्तां गेर हा शेतकरी घर सोडून गेला, दुसराच माणूस त्याच्या नावाने येऊन त्याच्या बायकोबरोबर राहिला, आणि 1560 मध्ये तुलूझच्या न्यायालयापुढे खरा मार्तां हजर झाला. नाताली डेव्हिस या इतिहासकार बाईंनी 1983 च्या पुस्तकात प्रश्न विचारला तो बायकोचा: तिला कधीपासून ठाऊक होते? बंगालात भवालचा कुमार 1909 मध्ये दार्जिलिंगला मेल्याचे जाहीर झाले आणि 1921 मध्ये ढाक्यात एक संन्यासी तोच म्हणून ओळखला गेला. बायकोने शेवटपर्यंत नाकारले, रयतेने मानले, आणि 1946 मध्ये प्रिव्ही कौन्सिलने संन्याशाच्या बाजूने कौल दिला. पहिल्या गोष्टीत बायकोने हो म्हटले, दुसरीत नाही म्हटले. पार्वतीबाईंच्या कुंकवाने तोतयाबद्दल काहीच सांगितले नाही. त्याने फक्त भाऊंबद्दल सांगितले, आणि ते कोणत्याही न्यायाधीशाला खोडता येण्यासारखे नव्हते.

कोकणाने का मानले याचे आणखी एक कारण मला दिसते, आणि ते कागदांपेक्षा आमच्या किनाऱ्यावर जास्त कळते. त्या सावकारी पत्रात मोत्यांची नोंद आहे, मोहरांचा आकडा आहे, खुर्द्याची गणती नाही. काशीराज रणात फिरला तो मोत्यांसाठी. खुर्द्याच्या मांडीवरचे डाग शोधायला कोणी गेले नाही. पेशवाईच्या चाकरीत कोकणातली घरेच्या घरे होती, आणि पंधरा वर्षांनी त्या घरांतून कोणाची आई, कोणाची बायको अजून बसून होती. भाऊसाहेब जर रत्नागिरीच्या किल्ल्यातून जिवंत बाहेर येऊ शकतात, तर आपला माणूस कुठे तरी का नसेल? फयाननंतर एखाद्या गावचा एक खलाशी चार दिवसांनी सापडला की शेजारच्या दहा गावांत पुन्हा चूल पेटते, ते मी पाहिले आहे. सापडलेल्या माणसाचे नाव तिथे कोणी धड विचारतही नाही.

आजच्या कायद्यात सात वर्षे खबर नसेल तर माणूस जिवंत आहे हे सिद्ध करण्याचा भार तसे म्हणणाऱ्यावर पडतो. जुन्या पुरावा कायद्याचे कलम 108, नव्या भारतीय साक्ष अधिनियमात 111. विम्याला आणि जमिनीच्या सातबाऱ्याला ते पुरते. बारा वर्षांचा पळस काय, सात वर्षांचे कलम काय, दोन्हींचा आधार एकच: कोणीतरी पुढे होऊन अर्ज करायचा असतो. भाऊसाहेबांच्या बाबतीत तो करायचा होता पार्वतीबाईंनी.

हरियाणात रोहतकजवळ सांघी नावाचे गाव आहे. तिथल्या डेऱ्यात भाऊनाथ म्हणून एका साधूची आठवण जपली जाते. जखमी भाऊ तिथे आले, नाथपंथात मिसळले, असे ते लोक सांगतात. पानिपतास जाणारे मराठी प्रवासी अलीकडे तिकडेही वाट वाकडी करतात. पुण्याचा इतिहासकार यावर हसेल. पण त्या गावाने भाऊंना राज्य दिले नाही, त्यांच्या नावाने किल्ले घेतले नाहीत. जखमेवर बांधायला पट्टी आणि बसायला जागा दिली. भाऊंचे काय झाले याबद्दल आजवर झालेल्या सगळ्या तर्कांत एवढाच असा आहे की ज्यातून कोणाला काही मिळवायचे नव्हते.

पार्वतीबाई 1783 मध्ये गेल्या. त्यानंतर दोघांचे उत्तरकार्य एकत्र झाले असे सांगतात.