‘व्यापारयुद्धा’चे मराठी व्याकरण

अमेरिका व चीन यांच्यामधील आर्थिक आणि तांत्रिक स्पर्धेविषयी मराठीत २०१८ पासून विपुल लेखन झाले आहे. त्या लेखनातील माहितीची चर्चा होते; ज्या भाषेतून ती माहिती वाचकापर्यंत पोहोचते, त्या भाषेची चर्चा मात्र क्वचितच होते. अमरावती जिल्ह्यातील मोर्शी हा कापूस व संत्री पिकविणारा तालुका. तेथील वाचकाला या लेखनातून आपल्या बाजाराचा उलगडा होतो काय, ही कसोटी लावून पाहिल्यास या भाषेचे दोष शैलीचे नसून अर्थाचे आहेत, असे दिसून येते.

प्रथम ‘व्यापारयुद्ध’ हा शब्द घ्यावा. युद्ध म्हटले की दोन पक्ष, प्रारंभ, जय-पराजय आणि तह या कल्पना ओघाने येतात. ६ जुलै २०१८ रोजी अमेरिकेने ३४ अब्ज डॉलर किमतीच्या चिनी मालावर २५ टक्के शुल्क बसविले. त्याच दिवशी चीननेही तितकेच प्रत्युत्तर दिले आणि त्यात सोयाबीन व कापूस यांचा समावेश होता. येथवर रूपक चालते. पुढे मात्र ते अडखळते. १५ जानेवारी २०२० रोजी करार झाला, तरी बहुतेक शुल्के कायमच राहिली. आणि २०२२ साली या दोन ‘शत्रूं’मधील मालाचा व्यापार ६९० अब्ज डॉलरच्या घरात, म्हणजे तोपर्यंतच्या उच्चांकावर गेला. एप्रिल २०२५ मध्ये शुल्के अनुक्रमे १४५ व १२५ टक्क्यांपर्यंत चढली आणि पुढच्याच महिन्यात ३० व १० टक्क्यांवर उतरली. ज्या व्यवहारात परस्परावलंबन हेच हत्यार आहे, त्याचे वर्णन युद्धाच्या शब्दांनी पुरे होत नाही.

दुसरा दोष अधिक सूक्ष्म आहे. ‘अमेरिकेने चीनवर शुल्क लावले’ ही वाक्यरचना आता रूढ झाली आहे. यातील ‘वर’ या शब्दयोगी अव्ययामुळे शुल्काचा भार चीनने उचलला, असा अर्थ वाचकाच्या मनात आपोआप ठसतो. कायद्याने हे शुल्क अमेरिकेतील आयातदार भरतो. आणि २०१८-१९ च्या शुल्कांवरील प्रमुख अर्थशास्त्रीय अभ्यासांत त्याचा बहुतांश भार अमेरिकी खरेदीदारांवरच पडल्याचे आढळले. अर्थात भरणारा व सोसणारा एकच असतो असेही नाही. बांगलादेशाने संत्र्यावरील आयातशुल्क टप्प्याटप्प्याने वाढविले, तेव्हा ते भरणारा व्यापारी तिकडचा होता. परंतु माल नाशवंत असल्याने झळ मोर्शी-वरुडच्या बागाइतदारालाही लागली. तेव्हा शुल्क कोणत्या मालावर आहे, ते कोण भरतो आणि अखेरीस कोण सोसतो, हे तीन प्रश्न वेगळे आहेत. रूढ वाक्य या तिन्हींना एका अव्ययात गुंडाळून टाकते.

तांत्रिक स्पर्धेच्या परिभाषेतही हाच प्रकार आढळतो. एप्रिल २०२५ मध्ये चीनने सात मूलद्रव्यांच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले. मराठीत त्यांना ‘दुर्मीळ खनिजे’ किंवा ‘दुर्मीळ मृदा’ म्हणतात. पाश्चात्त्य नावातील जुनी चूक अनुवादात तशीच उतरली आहे. या गटातील सिरियम भूकवचात जवळजवळ तांब्याइतके आढळते. चीनचे बळ निसर्गदत्त दुर्मिळतेत नसून दशकानुदशके उभारलेल्या शुद्धीकरण उद्योगात आहे. ‘दुर्मीळ’ हे विशेषण त्या श्रमाला व धोरणाला दैवाचे रूप देते. सत्ता कच्च्या मालापेक्षा प्रक्रियेत असते, हे वऱ्हाडाला वेगळे सांगावयास नको. येथे कापूस पिकला, पण त्याचे कापड बहुधा अन्यत्रच विणले गेले.

तिसरा दोष सर्वांत गंभीर होय. या लेखनात महासत्तांच्या वाट्याला सकर्मक क्रियापदे येतात: त्या शुल्क लावतात, निर्यात रोखतात, करार करतात. शेतकऱ्याचा उल्लेख आला की क्रियापद अकर्मक होते: भाव पडला, माल अडला, मागणी घटली. मराठीत ‘पडणे-पाडणे’, ‘अडणे-अडविणे’ अशा जोड्या आहेत. त्यांतील पहिले रूप निवडले की कर्ता वाक्यातून नाहीसा होतो. २७ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेने बहुतेक भारतीय मालावरील शुल्क ५० टक्क्यांवर नेले. त्याच सुमारास, १९ ऑगस्टला, भारत सरकारने कापसावरील ११ टक्के आयातशुल्क प्रथम ३० सप्टेंबरपर्यंत व नंतर ३१ डिसेंबरपर्यंत माफ केले. गिरण्यांना स्वस्त रुई मिळावी हा हेतू समजण्याजोगा आहे. परंतु ही सवलत नव्या कापसाच्या हंगामावर येऊन पडली. हा निर्णय वॉशिंग्टनचा नव्हता, बीजिंगचाही नव्हता. तो दिल्लीचा होता. ‘महासत्तांच्या युद्धात भाव पडला’ असे म्हटले की नेमका हा जवळचा कर्ता दृष्टीआड होतो, आणि ज्याच्याकडे दाद मागता येईल असे कोणी उरतच नाही.

यावर असा आक्षेप संभवतो की, भावाला एकच कर्ता नसतो. म्हणून ‘भाव पडला’ हेच वास्तव वर्णन होय. आक्षेप रास्त आहे. पाऊस, पेरा, साठा, जगाची मागणी ही सारी कारणे तेथे असतात, आणि ‘सरकारने भाव पाडला’ हे वाक्यही तितकेच अपुरे ठरेल. तथापि अनेक कारणांपैकी काहींवर तारीख व स्वाक्षरी असते. त्यांचा निर्देश करणे हे लेखनाचे कर्तव्य आहे.

इतिहास पाहता ही अदृश्यता अपरिहार्य नाही. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवीमुळे उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली आणि लिव्हरपूलची नजर हिंदी कापसाकडे वळली. वऱ्हाडात भाव चढले; युद्ध संपताच ते उतरले. त्या बाजारात वऱ्हाडी कापसाला उमरावतीवरून ‘उमरा’ हे नाव होते. परक्यांच्या भावपत्रकात या भूमीचे नाव होते. आपल्याच भाषेतील आजच्या विवेचनात ते आढळत नाही.

नवे पारिभाषिक शब्द घडविणे हा यावरील प्रमुख उपाय नव्हे. निर्णय कोणी घेतला, कोणत्या मालासंबंधी घेतला, पैसा कोणी भरला आणि तोटा कोणी सोसला, या चार गोष्टी एका परिच्छेदात सांगण्याची शिस्त पुरेशी आहे. ती मराठीच्या व्याकरणात उपलब्ध आहे. तिचा अवलंब तेवढा व्हावयास हवा.