आकाशचित्र, भूमापन आणि कुदळ : ड्यूरिंग्टन वॉल्स प्रकरणाचें परीक्षण

भूमीच्या पोटांत दडलेलें प्राचीन स्थळ खणल्यावांचून ओळखण्याचीं मुख्य साधनें दोन : विमानांतून घेतलेलें छायाचित्र व जमिनीवरून फिरविलेलें मापनयंत्र. या साधनांच्या उपयुक्ततेविषयीं वाद नाहीं. वाद आहे तो त्यांच्या आधारें काढलेले निष्कर्ष कोणत्या भाषेंत मांडावे याविषयीं. इंग्लंडांतील विल्टशर परगण्यांतील दोन शेजारच्या स्थळांचा वृत्तांत या दृष्टीनें तपासण्याजोगा आहे.

पहिलें स्थळ वुडहेंज. नांगरटीनें झिजलेला हा एखाद्या थडग्याचा उंचवटा असावा, असा जुना समज होता. १९२५ सालीं स्क्वॉड्रन लीडर इन्सॉल यांस विमानांतून तेथें वर्तुळाकार खुणा दिसल्या. पुढील उन्हाळ्यांत शेतांत गहूं उभा असतां ठिपक्यांचीं एकांत एक वलयें छायाचित्रांत उमटलीं. याचें कारण साधें आहे. पूर्वीं खणलेल्या खड्ड्यांत माती खोल व ओलसर असते, म्हणून तेथील पीक उंच व गडद वाढतें. पुरलेल्या भिंतीवर मातीचा थर पातळ, म्हणून तेथील पीक लवकर पिवळें पडतें. १९२६ पासून मॉड कनिंग्टन यांनीं उत्खनन केलें, तेव्हां लांकडी खांबांच्या खड्ड्यांचीं सहा कडीं निघालीं. चित्रानें प्रश्न विचारला, कुदळीनें उत्तर दिलें. क्रॉफर्ड व कीलर यांच्या ‘वेसेक्स फ्रॉम दि एअर’ या १९२८ च्या ग्रंथानें आकाशचित्रांस अभ्यासकांत प्रतिष्ठा मिळवून दिली. विद्युत्‌रोध मोजून भूमि तपासण्याचा प्रयोग रिचर्ड ॲटकिन्सन यांनीं १९४६ सालीं टेम्सकांठच्या डॉर्चेस्टर येथें केला.

दुसरें स्थळ वुडहेंजला लागून उत्तरेस असलेलें ड्यूरिंग्टन वॉल्स. मातीचा बांध व त्याच्या आंत चर असलेलें हें सुमारें ५०० मीटर व्यासाचें प्रचंड रिंगण आहे. सप्टेंबर २०१५ मध्यें व्हिन्सेंट गॅफ्नी, वोल्फगांग नॉयबाउअर प्रभृति संशोधकांनीं जाहीर केलें कीं, बांधाखालीं ९० पर्यंत शिळांची रांग पुरलेली असून त्यांतील कांहीं ४.५ मीटर उंचीच्या असाव्यात. आधार भूभेदी रडारचा होता. उत्खनन झालेलें नव्हतें. वृत्तपत्रांनीं तत्काळ नव्या महास्टोनहेंजची द्वाही फिरविली. ऑगस्ट २०१६ मध्यें दोन जागा खणण्यांत आल्या. शिळा एकही निघाली नाहीं. निघाले ते मोठ्या लांकडी खांबांचे खड्डे. खांब प्राचीन काळींच काढून घेतलेले, व खड्डे खडूच्या चुऱ्यानें भरलेले. त्यांवर पुढें बांध घातला गेला होता.

येथें रडारला दोष देणें अन्यायाचें होईल. लहर कोठून परतली, म्हणजे कोणत्या खोलीवर पदार्थाचा भेद आहे, एवढेंच तें सांगतें. आणि तेवढें त्यानें बरोबर सांगितलें. ‘शिळा’ हा शब्द यंत्राचा नव्हे, वाचणाराचा. वाळवीनें खाल्लेल्या पोथींत किती अक्षरें गेलीं हें जागा मोजून सांगतां येतें. कोणतीं गेलीं हें मोजून ठरत नाहीं. म्हणून सावध संपादक आपला कल्पित पाठ कंसांत घालतो. २०१५ च्या घोषणेंत हा कंस नव्हता. तथापि त्याच मंडळानें इतर अभ्यासकांसह पुढील उत्खननांत भाग घेतला, ही गोष्ट भूषणास्पद होय.

दगड कीं लांकूड, हा भेद क्षुल्लक नाहीं. ड्यूरिंग्टनचें लांकूड जिवंतांचें व स्टोनहेंजचा दगड पितरांचा, असा माइक पार्कर पिअर्सन यांचा सिद्धांत आहे. ड्यूरिंग्टनला शिळांची रांग खरोखर असती, तर त्या सिद्धांतास मोठाच धक्का बसला असता. एका नामाच्या घाईनें एवढी उलथापालथ होऊं शकते.

याची दुसरी बाजू अधिक चिंतेची आहे. २०१३ च्या कोरड्या उन्हाळ्यांत स्टोनहेंज येथें पाणी घालण्याची नळी आंखूड पडली. न भिजलेल्या भागांतील गवत करपलें, आणि नाहींशा झालेल्या शिळांच्या जागा दिसूं लागल्या. तेथें पूर्वीं झालेल्या सूक्ष्म यंत्रमापनांस त्या सांपडल्या नव्हत्या. न दिसणें म्हणजे नसणें नव्हे, हें याहून स्पष्ट कसें व्हावें?

आपल्या दख्खनच्या भूमींत तर ही सावधगिरी दुप्पट हवी. येथील बेसाल्ट खडक स्वतःच चुंबकीय असल्यानें चुंबकमापनांत मनुष्याची कृति व खडकाचा गुण यांचा निवाडा अवघड होतो. काळ्या चिकण मातींत रडारच्या लहरी अल्प खोलींतच शोषल्या जातात. अशा ठिकाणीं नकाशा कोरा आला, म्हणून पांढरीची जागा रिकामी समजून तिच्यावरून रस्ता किंवा कालवा नेला, तर झालेली चूक पुन्हां दुरुस्त होणारी नाहीं. ड्यूरिंग्टनला शिळा मानल्या, त्या दुसऱ्या वर्षीं खोडतां आल्या. नांगरलेलें किंवा खणून फेंकलेलें स्थळ परत लिहितां येत नाहीं.

तेव्हां भूमापनाच्या प्रत्येक अहवालांत तीन गोष्टी निरनिराळ्या नोंदल्या जाव्यात : यंत्रास काय आढळलें, लेखकानें काय तर्किलें, आणि खणून काय सिद्ध झालें. तिसरा रकाना रिकामा असेल तर तो रिकामाच छापावा. अस्सल कागद व त्यावरील टिप्पणी यांची सरमिसळ जे आपण दप्तरांत खपवून घेत नाहीं, त्यांनीं ती भूमीच्या बाबतींतहि खपवून घेऊं नये.