चौकातले बाबासाहेब आणि प्रमाणाचा प्रश्न

रस्त्याकडेच्या आंबेडकर-पुतळ्यांविषयी एक तक्रार सुशिक्षित वर्तुळात नेहमी ऐकू येते. डोके मोठे, हात आखूड, कोटाचा निळा भडक, चष्मा वाकडा आणि चेहरा भलत्याच कोणाचा. तक्रार करणारे सगळेच जातीयवादी असतात असे नाही. आपल्यातले शिकलेसवरलेले लोकही अलीकडे ‘जरा बरा पुतळा बसवायला हवा होता’ असे ओशाळून म्हणू लागले आहेत. म्हणून या तक्रारीला कलेची तक्रार समजूनच उत्तर दिले पाहिजे. पुतळा बेढब आहे असे म्हणताना प्रमाण कोणाचे गृहीत धरले आहे, हा माझा प्रश्न आहे.

दलित साहित्याच्या वाचकाला हा सूर परका नाही. आमची कविता आणि आत्मकथने आली तेव्हा अनुभव दाहक आहे पण कलेचे काय, असेच विचारले गेले होते. निकष आभाळातून पडत नाहीत, ते कोणाच्या तरी जगण्यातून येतात, असे त्या वेळी आम्ही ठणकावून सांगितले. कवितेच्या बाजूने दिलेले हे उत्तर पुतळ्याच्या बाजूने मात्र कोणी दिले नाही. कवितेची समीक्षा झाली. चौकातल्या पुतळ्याच्या वाट्याला कधी हार आले, कधी चपला आल्या. समीक्षा आली नाही.

तेव्हा आधी पुतळ्याकडे नीट पाहू. लोखंडी सळ्या, सिमेंट, वरून तैलरंग. घडवणारा अनेकदा गवंडी असतो किंवा गणपतीच्या मूर्ती करणारा कारागीर. वस्तीने वर्गणी काढलेली असते आणि त्या वर्गणीत ब्राँझ बसत नाही. नाकडोळ्यांचे साम्य साधण्याचे कौशल्य कारागिराकडे नसते. पण काय दाखवायचे हे वस्तीला पक्के ठाऊक असते. निळा कोट, लाल टाय, खिशाला पेन, एका हातात संविधान आणि दुसऱ्या हाताचे बोट पुढे रोखलेले. एवढ्या खुणांवर शाळेत न गेलेले पोरही लांबून सांगते की हे बाबासाहेब.

बुद्धाचा खरा चेहरा तरी कोणी पाहिला आहे? बुद्ध ओळखायचा तो मुद्रेवरून, चीवरावरून, लांब कानांवरून. ते कान प्रमाणाबाहेर आहेत म्हणून कोणी नाक मुरडत नाही. अजिंठ्याच्या २६ क्रमांकाच्या लेण्यात महापरिनिर्वाणाचे भव्य शिल्प आहे. त्यात पहुडलेला बुद्ध अवाढव्य आणि खाली शोक करणारे अनुयायी अगदी लहान. तिथे या विषमतेला अभिजन समीक्षक भावाची उंची म्हणतो. मग वस्तीच्या पुतळ्याच्या हातातले पुस्तक शरीराच्या मानाने मोठे झाले, तर ते कारागिराचे अज्ञान कसे ठरते? ज्यांना अक्षराला शिवू दिले नाही, त्यांनी पुस्तक मोठे घडवले. रोखलेले बोट लांब झाले, कारण ते रस्त्याच्या पलीकडे पोहोचायला हवे होते.

आता जागेचा विचार करू. गावाच्या रचनेत आमच्या वस्तीला पत्ता नव्हता, दिशा होती. वेशीबाहेर, ओढ्यापलीकडे, वाऱ्याच्या खालच्या अंगाला. आज एस.टी.चा कंडक्टर ‘आंबेडकर पुतळा, उतरून घ्या’ म्हणून हाक देतो, तेव्हा सगळ्या जातींचे लोक त्या नावावर उतरतात. रिक्षावाला, पोस्टमन, सोयरिकीला आलेले पाहुणे, सगळ्यांच्या तोंडी ते नाव बसते. गावाचा नकाशा कोणी न बदलता बदलला. या घडामोडीला इतिहास आहे. बाबासाहेब हयात असतानाच, ९ डिसेंबर १९५० रोजी, भाई माधवराव बागल यांच्या पुढाकाराने कोल्हापूरच्या बिंदू चौकात त्यांचा पुतळा बसला. शेजारी महात्मा फुल्यांचा. संसदेच्या आवारात ब्रह्मेश वाघ यांनी घडवलेला पुतळा यायला १९६७ साल उजाडावे लागले.

पुतळ्याची ताकद विरोधकाला आपल्यापेक्षा आधी कळते. विटंबना करणारा कधी प्रमाणबद्धता पाहत नाही. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात पुतळ्याला चपलांचा हार घातलेला आढळला. निषेधासाठी रस्त्यावर आलेल्यांवर राज्य राखीव पोलीस दलाने गोळ्या झाडल्या आणि दहा माणसे मेली. तामिळनाडूत कितीतरी गावांत बाबासाहेब लोखंडी पिंजऱ्यात उभे आहेत, आणि संरक्षण म्हणून आपण ते सोसतो. एप्रिल २०१८ मध्ये उत्तर प्रदेशातील बदायूं जिल्ह्यात मोडलेल्या पुतळ्याच्या जागी भगव्या पोशाखातला पुतळा उभा केला गेला. गदारोळ होताच तो पुन्हा निळा रंगवावा लागला. रंग ही क्षुल्लक बाब असती तर हा खटाटोप कोणी कशाला केला असता?

इथवर मी वस्तीच्या पुतळ्याची बाजू मांडली. पण प्रमाणाचा प्रश्न आता उलट्या बाजूनेही आपल्या अंगावर येतो आहे. हैदराबादेत २०२३ साली १२५ फुटांचा पुतळा उभा राहिला. २०२४ साली विजयवाड्यात ८१ फुटांच्या चौथऱ्यावर तेवढ्याच उंचीचा दुसरा आला. दादरच्या इंदू मिलच्या जागेवरील पुतळ्याची उंची २०२० साली ३५० फूट ठरवण्यात आली. चौथरा १०० फुटांचा वेगळा. २०१८ साली गुजरातेत सरदार पटेलांचा १८२ मीटरचा पुतळा झाल्यापासून उंची हेच आदराचे माप ठरले आहे, आणि त्या मापात आपण मागे राहू नये असे आपल्यालाही वाटू लागले आहे.

माझा आक्षेप खर्चाला नाही. खर्चाचा हिशेब नेमका आपल्यालाच विचारला जातो. लखनौच्या स्मारकांतले दगडी हत्ती २०१२ च्या निवडणुकीत झाकायला लावले गेले आणि सारा देश हसला. १८२ मीटरला मात्र कोणी हसले नाही. माझा आक्षेप हाताच्या पोहोचीला आहे. वस्तीच्या पुतळ्याला शिडी लावून म्हातारी बाई स्वतः हार घालते. पोरे १४ एप्रिलच्या आदल्या रात्री त्याला धुऊन रंग देतात. मोर्चा तिथून निघतो, निवेदन तिथे वाचले जाते, ओट्यावर पेपर वाचत माणसे बसतात. शेकडो फुटांच्या पुतळ्याला हार घालायला यंत्र लागते, भोवती कुंपण येते, पहारा येतो. माणूस तिथे प्रेक्षक होतो. व्यक्तिपूजेविरुद्ध बाबासाहेबांनी १९४३ साली रानड्यांवरील व्याख्यानात आणि १९४९ साली संविधान सभेत जो इशारा दिला, तो अशाच अंतराविषयी होता. न्यूयॉर्कमध्ये विद्यार्थी असताना, १९१६ साली, सर फिरोजशहा मेहतांच्या स्मारकासाठी पुतळ्याऐवजी सार्वजनिक ग्रंथालय उभारावे, असे पत्र त्यांनी ‘बॉम्बे क्रॉनिकल’ला लिहिले होते. पंचविशीच्या आतबाहेरच्या त्या तरुणाचे मत आपण सोयीस्करपणे विसरलो आहोत.

मग वस्तीचा पुतळा तरी का राखायचा? कारण जिथे त्याच्या ओट्याला वाचनालय आणि अभ्यासिका चिकटली, तिथे तो त्या पत्राच्या विरोधात जात नाही. आणि हाच पुतळा आता धोक्यात आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१३ मध्ये सार्वजनिक रस्त्यांवर नवे पुतळे बसवायला मनाई केली. महाराष्ट्रात पुतळ्याच्या मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता लागते. नियम सर्वांना सारखे आहेत, हे खरे. पण परिणाम असा होतो की वर्गणीचा पुतळा अनधिकृत ठरतो आणि गगनचुंबी पुतळा सरकारी धोरण बनतो. शिवाय जुना सिमेंटचा पुतळा काढून तिथे ब्राँझचा, ‘हुबेहूब’ पुतळा बसवण्याची हौस आपल्याच मंडळांना लागली आहे. जुना पुतळा हलवला की त्याच्याबरोबर त्याच्या कारागिराचे नाव, वर्गणीची वही आणि तो बसवताना झालेला संघर्षही जातो.

म्हणून कार्यकर्त्यांना आणि शिक्षकांना माझी विनंती आहे. आपल्या तालुक्यातला प्रत्येक जुना पुतळा पाहा. तो कोणी घडवला, कोणत्या साली बसला, वर्गणी कोणी दिली, कोणी अडवले, हे ज्यांना आठवते अशी माणसे अजून हयात आहेत. त्यांच्याकडून ते लिहून घ्या, फोटो काढा, वर्गणीच्या वह्या जपा. विद्यार्थ्यांनी हे काम येत्या १४ एप्रिलच्या आधी सुरू करावे. आणि नव्या पुतळ्यासाठी वर्गणी मागायला कोणी आले, तर आधी त्यांना ओट्यालगतच्या वाचनालयाचे कपाट उघडून दाखवायला सांगा.